सर्कशीतला वाघ

सर्कशीत कसरती करणारा, माणसाने शिकवलेला वाघ. ही वाघाची निराळी जात नव्हे. पिंजऱ्यातला जन्म, सरमिसळ वंश आणि क्वचित वेगळा रंग एवढाच त्याचा वेगळेपणा. जळगाव, धुळे, भुसावळच्या मैदानांवर तंबू उभा राहिला की आसपासच्या गावांतून माणसे ‘सर्कस देखाले’ निघत, ती मुख्यतः याच्यासाठी.

विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत भारतीय सर्कशीचा पहिला खेळ केला. पुढे सांगली-तासगाव पट्ट्यातून अनेक सर्कशी निघाल्या. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर वाघ-बिबट्यांच्या खेळांमुळे अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीपर्यंत पोहोचले.

सुरुवातीचे वाघ जंगलातून धरलेले असत. शिकारीत वाघीण पडली की तिचे बछडे विकले जात. खानदेशच्या जंगलांत एके काळी वाघांना तोटा नव्हता. इंग्रजांच्या भिल्ल पलटणीचा अधिकारी जेम्स औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी 1825 ते 1834 या काळात इथे दोनशेहून अधिक वाघ मारले. जंगलातली आवक पुढे आटली, पण सर्कशींचे फारसे अडले नाही, कारण वाघ पिंजऱ्यात सहज वितो आणि एका वेताला दोन-चार बछडे होतात. युरोप-अमेरिकेतल्या सर्कशींत बंगाली आणि सैबेरियन वाघांचा संकर झाला, वंशावळी कोणी नीट ठेवल्या नाहीत. जाहिरातीतला ‘रॉयल बंगाल’ हा शब्द म्हणून बेताबेतानेच घ्यावा.

खेळाआधी रिंगणाभोवती लोखंडी जाळी उभी होई. पिंजऱ्यापासून तिथवर जाळीचाच अरुंद बोगदा. त्यातून वाघ एकामागून एक वाकत येत आणि आपापल्या स्टुलावर चढत. जागा ठरलेल्या. रिंगमास्टर एक पाऊल पुढे आला की वाघ मागे सरके, तो मागे हटला की वाघ थांबे. अनोळखी जवळ आल्यावर प्राणी किती अंतरावर बिचकतो, याच्या अंदाजावर सगळे शिक्षण उभे असे. चाबूक बहुतेक वेळा हवेतच वाजे. काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा असे, तो मात्र लांबच्या रांगेतून दिसत नसे. म्हणून सगळी करामत चाबकाचीच, असे प्रेक्षकांना वाटे. मार, उपास आणि भीती यांचा वापर होत नसे, असा याचा अर्थ नाही.

रंगाबाबत सर्वाधिक गैरसमज पांढऱ्या वाघाचे. तो हिमप्रदेशातला नाही आणि पूर्ण रंगहीनही नाही. पट्टे गडद राहतात, डोळे निळे असतात. एका जनुकातल्या बदलामुळे फक्त नारिंगी छटा नाहीशी होते, आणि तो बदल आई-बाप दोघांकडून यावा लागतो. रीवाचे महाराज मार्तंडसिंह यांनी 1951 मध्ये धरलेला ‘मोहन’ हा पाळीव पांढऱ्या वाघांचा मूळपुरुष. साध्या वाघिणीपासून त्याला पांढरे बछडे झाले नाहीत. त्याच्याच मुलीशी, राधेशी, जोडी लावल्यावर 1958 मध्ये चार झाले. रंग टिकवायचा तर नात्यातच जोड्या लावाव्या लागत. तिरळेपणा तर या रंगाबरोबरच येतो; इतर व्यंगे जवळच्या नात्यातल्या पैदाशीने वाढली. सोनेरी वाघात पट्टे तांबूस-फिकट पडतात. ओडिशाच्या सिमलीपालमधल्या ‘काळ्या’ वाघात पट्टेच रुंदावून एकमेकांत मिसळतात. हे दोन्ही दुसऱ्याच जनुकांचे खेळ. खानदेशातल्या तंबूत दिसे तो बहुधा नारिंगीच.

केंद्र सरकारने 14 ऑक्टोबर 1998 च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती 2001 मध्ये उचलून धरली. सर्कशीतले वाघ-सिंह मग बचाव केंद्रांत गेले. त्यांना जंगलात सोडण्याजोगे काही उरले नव्हते: शिकार येत नव्हती, माणसाचे भय नव्हते, वंशही भेसळीचा.

खानदेशात वाघ आज पाहायचा तर मुक्ताईनगर तालुक्यात, वढोदा-डोलारखेड्याच्या बाजूला. तिथे जंगलाला लागून केळीच्या बागा आहेत. दाट पानांखाली गारवा आणि पाणी दोन्ही मिळते, रानडुकरेही तिथेच येतात. वाघ त्यांच्या मागावर बागेत शिरतो. रात्री पाणी भरायला जाणारे शेतकरी एकटे जात नाहीत.