वृद्धाश्रमातील जागानियोजन

वृद्धाश्रमातील जागानियोजन : वृद्धाश्रमातील निवाऱ्याच्या, वावराच्या, भोजनाच्या व शुश्रूषेच्या जागांचे मोजमाप, विभागणी आणि मांडणी. आहे त्या क्षेत्रफळात जास्तीत जास्त खाटा बसविणे एवढाच अर्थ पुष्कळदा घेतला जातो. तो अपुरा आहे.

या नियोजनाचा उगम कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तो यूरोपातील मध्ययुगीन धर्मादाय रुग्णालयांत शोधतात. फ्रान्समधील बोन येथे १४४३ मध्ये स्थापन झालेल्या रुग्णालयाच्या लांब दालनात दोन्ही भिंतींलगत खाटांच्या रांगा होत्या आणि टोकाला प्रार्थनागृह होते; खाटेवर पडल्यापडल्या प्रार्थना ऐकता यावी, हा हेतू. इतर काही जण नेदर्लंड्समधील वृद्धगृहांकडे जातात. हार्लेम येथे १७ व्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या वृद्ध पुरुषांच्या आश्रयगृहात (आता तेथे फ्रान्स हाल्स संग्रहालय आहे) मधल्या अंगणाभोवती लहान लहान घरे होती. पहिल्या मांडणीत देखरेख सोपी होते, तर दुसरीत प्रत्येकाला स्वतःचे दार मिळते. १९ व्या शतकातील ब्रिटिश वर्कहाउसांनी (निराधार गरिबांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणाऱ्या संस्थांनी) पहिली उचलली आणि वसाहतींतही बहुधा तीच पोहोचली. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकाच्या सुमारास पुण्यात उभे राहिलेले अनाथ-पंगूगृह (आजचे ‘निवारा’) महाराष्ट्रातील या प्रकारच्या जुन्या संस्थांपैकी एक होय. दोन्ही परंपरांचे अंश आजच्या इमारतींत आढळतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खोलीच्या आकाराइतकेच महत्त्व सामानाच्या मांडणीला आहे, हे १९५० च्या दशकात कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात झालेल्या एका प्रयोगाने दाखविले. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांना वृद्ध स्त्रियांच्या एका कक्षात असे दिसले की, रंगरंगोटी नवी असूनही भिंतींलगत ओळीने ठेवलेल्या खुर्च्यांवर बसलेल्या स्त्रिया एकमेकींशी फारसे बोलत नाहीत. शेजारणीशी बोलायचे तर मान वळवावी लागे, समोरची फार दूर असे. त्यांनी लहान चौकोनी टेबलांभोवती खुर्च्या मांडल्या व टेबलांवर मासिके ठेवली. सुरुवातीला खुर्च्या पुन्हा भिंतीकडे सरकविल्या जात. काही आठवड्यांत मात्र संभाषण लक्षणीय वाढले. आपल्याकडच्या वृद्धाश्रमांतही दूरचित्रवाणी संचासमोर एका रांगेत लावलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या सर्रास दिसतात. ही मांडणी बदलायला पैसा लागत नाही, म्हणून तिच्याकडे होणारे दुर्लक्ष अधिक खेदजनक आहे.

मानके देशोदेशी वेगळी आहेत. इंग्लंडच्या २००० च्या दशकातील किमान मानकांत नव्या इमारतीतील एकट्याच्या खोलीसाठी १२ चौ. मी. वापरयोग्य जागा सांगितली होती. जपानच्या विशेष शुश्रूषागृहांत दर निवाशामागे १०.६५ चौ. मी. हे परिमाण असून, २००२ च्या सुमारास सुमारे दहा जणांचा गट व प्रत्येकाला स्वतंत्र खोली अशी पद्धत तेथे रूढ होऊ लागली. भारतात २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद केली. मानके ठरविण्याचे काम राज्यांवर सोपविले. केंद्राच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्हीलचेअर पूर्ण वळण्यास १,५०० मिमी. व्यासाची मोकळी जागा, ९०० मिमी. रुंदीचा दरवाजा आणि १:१२ उताराचा रॅम्प लागतो.

प्रत्यक्षात मोकळी जागा सर्वांत आधी खातात त्या जादा खाटा. दोन खाटांमध्ये व्हीलचेअर शिरत नसेल, तर खोलीचे क्षेत्रफळ नियमात बसूनही उपयोग नाही. रात्री शौचालयाकडे जाणारी वाट सरळ, उजेडाची व आधारदांडीची हवी; बूट, बादल्या आणि खाटेखालून डोकावणाऱ्या ट्रंका तिच्यावर येऊ नयेत. त्यासाठी प्रत्येकाला उभ्याने हात पोहोचेल असे कुलपाचे कपाट लागते. घरातून आणलेला देव, फोटो, औषधांचा डबा यांना जागा देण्यात काटकसर करू नये.