पँटची मोहरी

पँटच्या पायाच्या खालच्या टोकाचा घेर म्हणजे मोहरी. कंबर, उंची, सीट, मांडी ही मापे शिंपी टेप लावून घेतो. मोहरी मात्र गिऱ्हाइकाला विचारावी लागते. शरीराशी फारसे देणेघेणे नसलेले हे माप असल्यामुळे पुरुषांच्या फॅशनची ये-जा इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

१९२५च्या सुमारास ऑक्सफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी घोळदार पँट घालू लागले. त्यांना ‘ऑक्सफर्ड बॅग्ज’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांचे रेशनिंग आले. पुढच्या वर्षी पँटच्या तळाशी दुमडलेली घडीही कापडाची उधळपट्टी ठरवून बंद करण्यात आली. त्यावर लोकांनी तोडगा काढला: मुद्दाम लांब पँट विकत घ्यायची आणि घरी दुमडून टाके घालायचे. युद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रो येथील शिंप्यांनी सातव्या एडवर्डच्या काळातला (१९०१–१९१०) थाट श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी पुन्हा आणला. कामगार वस्त्यांतल्या पोरांनी तो उचलला, त्याला नळीसारखी तंग पँट जोडली आणि १९५३पर्यंत ‘टेडी बॉय’ हे नाव वर्तमानपत्रांत रुळले. मग श्रीमंतांनी तो थाट टाकून दिला, हे ओघाने आलेच.

साठीच्या दशकाअखेरीस काटा उलट फिरला. लष्करी मालाच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या खलाशांच्या रुंद पँट अमेरिकेतल्या तरुणांनी घातल्या आणि बेलबॉटम जगभर गेली. १८ इंच मोहरी साधी समजली जाई. हौशी लोक २६ इंचांपर्यंत जात. भारतात ही लाट सत्तरच्या दशकात टेरिकॉटवर, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडावर, स्वार होऊन आली. तयार कपडे तेव्हा कमीच घेतले जात. बहुतेक जण कापड घेऊन टेलरकडे जात. पुढे नव्वदीत बॅगी, २००० नंतर स्किनी आणि २०२० नंतर पुन्हा ढगळ. गावाकडचा लेंगा या साऱ्या धावपळीत आपल्या जागी राहिला.

मोहरी मागे फिरते याचे एक कारण अगदी साधे आहे: तिला दोन्ही बाजूंनी हद्द आहे. फार रुंद झाली तर ती पायात येते आणि रस्ता झाडते; बारा इंचांच्या खाली गेली तर टाच अडकते. चुडीदाराने ही अडचण कापड उरेब, म्हणजे तिरके, कापून सोडवली, कारण उरेब कापड ताणते. स्किनी पँटला लायक्रा या ताणणाऱ्या धाग्याचा आधार मिळाला. हा धागा १९५८ साली ड्यूपॉन्ट कंपनीत तयार झाला होता. म्हणजे तंग मोहरी दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या हाताशी टेडी बॉयांना न मिळालेले कापड होते.

पोशाखाचे इतिहासकार जेम्स लेव्हर यांनी १९३७ साली फॅशनच्या वयाचे एक कोष्टक मांडले. त्यानुसार कपडा चलनातून गेल्यावर वर्षाने गबाळा दिसतो, दहा वर्षांनी भयंकर, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीचा आणि शंभर वर्षांनी रम्य. कोष्टक मजेशीर आहे, पण त्याला फार चिकटून राहू नये. रेशनिंग काही पंचांग बघून येत नाही, आणि बेलबॉटम ओसरल्यावर बॅगी यायला तीस वर्षे लागली नाहीत.

परत येणारी पँट जुन्यासारखी दिसते, तशी असत नाही. बेलबॉटम मांडीला आणि गुडघ्याला घट्ट, तिचा घेर गुडघ्याखाली सुटे. आजची ढगळ पँट कमरेखालपासूनच सैल असते. त्यामुळे ट्रंकेतून वडिलांची पँट काढली तर मोहरी चालते, मांडी अडते. मोहरी मारणे, म्हणजे कमी करणे, कोणत्याही अल्टरेशनवाल्याला सहज जमते. मांडीत सैल करायला मात्र आत सोडलेली माया, म्हणजे शिलाईपलीकडचे जादा कापड, लागते. ती असली तरी फार नसते, आणि उसवलेल्या शिलाईची रेघ टेरिकॉटवर इस्त्री फिरवूनही सहसा जात नाही.