न्यायाधीशांचे मानसिक आरोग्यविषयक प्रशिक्षण

मानसिक आजार असलेली व्यक्ती आरोपी, साक्षीदार, पीडित किंवा पक्षकार म्हणून न्यायालयात येते तेव्हा तिच्याशी बोलावे कसे, डॉक्टरांचा अहवाल वाचावा कसा आणि आदेशात उपचारांना जागा कशी ठेवावी, याचे सेवेतील न्यायाधीशांना वेळोवेळी दिले जाणारे शिक्षण. भारतात न्यायाधीशांचे सेवांतर्गत प्रशिक्षण भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आणि राज्यांच्या अकादम्या पाहतात. महाराष्ट्राची अकादमी भाईंदरजवळ उत्तन येथे आहे.

यामागचा विचार उपचारात्मक न्यायशास्त्र या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड वेक्सलर आणि ब्रूस विनिक यांनी तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. कायदा, सुनावणीची पद्धत, न्यायाधीशाच्या बोलण्याचा सूर या सगळ्यांचा माणसाच्या मनावर परिणाम होतोच. हक्कांना बाध न आणता तो हितकारक कसा होईल ते पाहावे, हे त्याचे सूत्र. शिक्षेपेक्षा उपचारांवर भर देणारी स्वतंत्र न्यायालयेही निघाली: फ्लोरिडात मायामीचे अमली पदार्थ न्यायालय १९८९ मध्ये आणि ब्रॉवर्ड काउंटीचे मानसिक आरोग्य न्यायालय १९९७ मध्ये सुरू झाले. भारतात अशी स्वतंत्र न्यायालये रुळलेली नाहीत. चोरीचा रिमांड आणि जामिनाचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच इथे मानसिक आजाराचा प्रश्नही येतो, म्हणून प्रशिक्षणाची खरी गरज तालुक्याच्या न्यायालयात आहे.

ते नसले तर काय होते, हे आसामच्या माचांग लालुंग यांच्या प्रकरणात दिसते. १९५१ मध्ये अटक झाल्यावर त्यांना तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले गेले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे प्रमाणित झाले, तेव्हा खटला सुरू होण्याऐवजी त्यांची रवानगी तुरुंगात झाली. २००५ मध्ये सुटका झाली तेव्हा ५४ वर्षे उलटली होती आणि खटला चाललाच नव्हता. यात कायद्याची उणीव फारशी नव्हती. ठरावीक मुदतीने अहवाल मागवून ‘हा माणूस अजून आत का?’ असे विचारणारे कोणी नव्हते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने न्यायाधीशाच्या हाती बरेच काही दिले आहे. कलम १०२ नुसार न्यायदंडाधिकारी समोरच्या व्यक्तीला तपासणीसाठी सरकारी मानसिक आरोग्य आस्थापनेत पाठवू शकतो किंवा जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्यास परवानगी देऊ शकतो. कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते. उलट सिद्ध झाल्याशिवाय तिच्यावर खटला चालवता येत नाही. मानसिक आजाराचा पुरावा सादर झाला आणि दुसऱ्या पक्षाने तो नाकारला, तर कलम १०५ प्रमाणे तो मुद्दा याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवावा लागतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अहवाल वाचताना. ‘रुग्णाला स्किझोफ्रेनिया आहे’ एवढ्या ओळीवरून न्यायालयाला काहीच ठरवता येत नाही. गुन्ह्याच्या वेळी कृत्याचे स्वरूप कळत होते का, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा प्रश्न. आज आरोप समजतो का, वकिलाला माहिती देता येते का, हा खटला चालवण्याच्या क्षमतेचा प्रश्न. त्याची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २७ व्या प्रकरणानुसार होते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की निकालच बिघडतो. घटस्फोटातही तेच: राम नारायण गुप्ता प्रकरणात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निदानाचे नाव पुरेसे नाही, आजाराची तीव्रता पाहावी लागते. शिक्षा झाल्यानंतरही हा विषय संपत नाही. महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार लक्षात घेऊन फाशी रद्द केली आणि कैद्याची ओळख निकालात उघड केली नाही.

प्रशिक्षणाला न्यायनिर्णयांनीही रेटा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटन जमाल वली प्रकरणात (२०२१) अपंग पीडितांच्या खटल्यांबाबत न्यायाधीशांना संवेदनशील करावे, असे अकादम्यांना सांगण्यात आले. महाराष्ट्रातून गेलेल्या स्मृती तुकाराम बडदे प्रकरणात (२०२२) असुरक्षित साक्षीदारांच्या व्याख्येत मानसिक आजार असलेल्यांचा समावेश झाला आणि त्यांच्या साक्षीसाठीच्या केंद्रांबाबत देशव्यापी प्रशिक्षण आखण्याचे काम न्या. गीता मित्तल यांच्या समितीकडे आले. बाल न्याय मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्याला तर नेमणुकीपासून ६० दिवसांत प्रशिक्षण देण्याची जबाबदारी बाल न्याय अधिनियम, २०१५ नेच राज्य सरकारवर टाकली आहे.

या विचारावरचा आक्षेप गंभीर आहे: न्यायाधीश डॉक्टर होऊ पाहतो आणि उपचारांच्या नावाखाली शिक्षेपेक्षाही लांब बंदिवास लादला जाऊ शकतो. म्हणूनच संमती, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णयात साथ देणारी नेमलेली व्यक्ती) आणि मोफत विधी साहाय्य हे विषय प्रशिक्षणात निदानाइतकेच महत्त्वाचे ठरतात. पुनर्विलोकन मंडळाच्या रचनेतही हे भान दिसते. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची व्यक्ती असते आणि मानसोपचारतज्ज्ञाबरोबरच मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा राखलेल्या असतात.