वाऱ्यावरून सागाच्या जंगलाची उंची

नागपूरहून देवलापारमार्गे पेंचकडे निघालं की साग दिसू लागतो. एका झाडाची उंची काढायला क्लिनोमीटर (कोन मोजायचं साधन) आणि टेप पुरतो. पण किलोमीटरभर जंगलाची सरासरी उंची, तीही दरवर्षी हवी असेल, तर झाडांच्या वर उभा केलेला एक मनोरा आणि वारा एवढ्यावर काम भागतं.

वारा शेंड्यांना घासून जातो. झाडं उंच तितकी घसट जास्त आणि त्या मानाने वाऱ्याचा वेग कमी. म्हणून दोनच गोष्टी लागतात: सरासरी वेग आणि 'घर्षण वेग', म्हणजे भोवऱ्यांमधून वाऱ्याचा जोर किती झपाट्याने खाली झाडांकडे उतरतो त्याचं माप. सेकंदाला १० नोंदी घेणारा सोनिक ॲनिमोमीटर (ध्वनिलहरींनी वारा मोजणारं यंत्र) अर्ध्या तासाच्या १८,००० नोंदींतून दोन्ही देतो.

दाट जंगलात वाऱ्याच्या दृष्टीने 'जमीन' असते झाडाच्या उंचीच्या सुमारे ०.६७ पटीवर, आणि खडबडीतपणाची लांबी (वाऱ्याला पृष्ठभाग किती खडबडीत लागतो त्याचं माप) उंचीच्या साधारण ०.१ पट. आता आकडे घेऊ. यंत्र २५ मीटरवर, वेग सेकंदाला ३ मीटर, घर्षण वेग ०.६. वेगाला घर्षण वेगाने भागून ०.४ ने (कार्मान स्थिरांक) गुणलं की २ येतात. या 'जमिनी'वरच्या उंचीबरोबर वेग लॉगरिदमने वाढतो, म्हणून २.७१८ चा वर्ग घ्यायचा: ७.३९, त्याचा दहावा भाग ०.७४. त्यात ०.६७ मिळवून झाले १.४१. २५ भागिले १.४१, म्हणजे १७.७ मीटर.

गणित सोपं, पण नाजूक. घर्षण वेग ०.६ ऐवजी ०.५४ नोंदला गेला, तर तेच जंगल १५.७ मीटरचं दिसतं. दहा टक्क्यांच्या चुकीत दोन मीटर गेले! यंत्र एका अंशाने कललं तरी ३ मीटरच्या वाऱ्यातले सेकंदाला ५ सेंटिमीटर उभ्या वेगात मिसळतात. म्हणून आधी अक्ष फिरवून सरासरी उभा वेग शून्य करायचा, मगच हिशेब.

खरी पंचाईत उन्हाची. हे सूत्र हवा ना तापून वर उसळणारी, ना थंड होऊन बसलेली असते तेव्हाच चालतं. एप्रिलच्या दुपारी चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता वर जात असेल, तर वरच्या उदाहरणातल्याच वाऱ्यात स्थिरतेचा निर्देशांक (हवा ना उसळणारी ना बसलेली असेल तर शून्य) उणे ०.२ च्या आसपास जातो; शून्यापासून साधारण ०.१ च्या आतलेच अर्धे तास ठेवायचे. नागपूरचा उन्हाळा त्यात बराचसा बाद. पावसाळ्यातले ढगाळ, वारा असलेले दिवस उत्तम, फक्त सेन्सरवर थेंब नकोत.

त्यातून सागाची पानगळ. उघड्या फांद्यांतून वारा खोल शिरतो, ०.६७ चा आकडा खाली सरकतो आणि झाड तेवढंच असून उत्तर बदलतं. म्हणून वर्षांची तुलना जुलै ते ऑक्टोबरच्या नोंदींवरच करावी, आणि तीही मध्यक घेऊन. दिशाही तपासा: वाऱ्याच्या वरच्या बाजूला किमान सव्वा किलोमीटर सलग जंगल हवं. तलाव किंवा धानाची बांधी मध्ये आली, तर त्या दिशेच्या नोंदी वगळा.

मनोरा झाडांपेक्षा जेमतेम उंच असेल, तर शेंड्यांलगत वारा सूत्रापेक्षा जास्त मिळतो आणि जंगल बुटकं भासतं. उंची दुप्पट असेल तर बरं, पण एवढा मनोरा क्वचितच परवडतो. मग वीस-तीस झाडं क्लिनोमीटरने मोजून खडबडीतपणाचा ०.१ हा आकडा एकदाच जुळवून घ्यावा. पुढे त्याला हात लावू नये, नाहीतर साग वाढला की आपला आकडा बदलला, हे कळायचं नाही.