नफा दान करणारा कॅफे आणि रोजगार देणारा कॅफे

‘तुमची कॉफी, समाजासाठी’ अशी पाटी दिसली की आपण असे सगळे कॅफे एकाच रांगेत बसवतो. खरं तर त्या पाटीमागे दोन अगदी वेगळे धंदे असू शकतात. अमेरिकेत वॉशिंग्टनला कॅपिटॉल हिलवर एका चर्चने 2006 मध्ये एबेनेझर्स हे कॉफीहाउस उघडलं. तिथला नफा समाजकार्याला जातो. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने 2018 मध्ये कॅफे अर्पण सुरू केला. ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेली प्रौढ मुलंमुली तिथे पगारी काम करतात. पहिल्या ठिकाणी पैसा चांगल्या कामाकडे जातो, दुसऱ्या ठिकाणी चांगलं काम दुकानातच चाललेलं असतं.

फरक कळायला एका कपाचा हिशोब मांडू. आकडे केवळ समजण्यापुरते. शंभर रुपयांच्या कॉफीत बीन्स, दूध, साखर, कप यांचे 30, पगाराचे 25, भाड्याचे 20 आणि वीज, दुरुस्ती, घसारा, व्याज मिळून 17 रुपये गेले. उरले 8. त्यातून प्राप्तिकर गेला की हातात साधारण 6. ‘आम्ही सगळा नफा दान करतो’ याचा अर्थ हे 6 रुपये, शंभर नव्हेत. यात फसवणूक काहीच नाही, पण गिऱ्हाइकाच्या मनात बहुतेक वेळा शंभरच असतात. भाडं वाढलं किंवा पावसाळ्यात गर्दी ओसरली, तर ते 6 रुपयेही उरत नाहीत आणि त्या वर्षी दान शून्य. (विक्रीचा ठरावीक टक्का देणारे कॅफे आणखी वेगळे. त्यांना तोट्याच्या महिन्यातही पैसे बाजूला काढावे लागतात.)

आता त्याच हिशोबातले पगाराचे 25 रुपये बघा. रोजगार देणाऱ्या कॅफेत खरं काम या रकमेतून होतं आणि ते खर्चाच्या बाजूला लिहिलेलं असतं. तिथे शिकवणारा माणूस लागतो, शिफ्ट लहान ठेवाव्या लागतात, एका ऑर्डरला जास्त हात लागतात. म्हणजे नफा आणखी आटतो, काही वेळा देणग्यांचा टेकू घ्यावा लागतो. अशा कॅफेला ‘दान किती केलंत?’ असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. किती जण टिकले, पगार वेळेवर होतो का, कोणी पुढे बाहेर नोकरीला लागलं का, हे विचारावं. उलट नफा दान करणाऱ्याला रक्कम विचारावीच, आणि त्याच्या पोऱ्यांना पगार काय मिळतो हेही. वेटरला राबवून उरलेला नफा दान केला, तर ते दान त्या वेटरच्या खिशातून गेलेलं असतं.

कायद्यातही फरक पडतो, पण तो या दोन प्रकारांनुसार नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 8 खालच्या, म्हणजे समाजोपयोगी उद्दिष्टासाठी काढलेल्या कंपनीला भागधारकांना लाभांश वाटता येत नाही. नफा उद्दिष्टावरच खर्चावा लागतो. साध्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने किंवा एकट्या मालकाने लावलेली पाटी हा त्याचा शब्द असतो आणि तो पुढच्या वर्षी बदलू शकतो. शिवाय कंपनी असेल तर मालकाचा स्वतःचा पगार नफ्याच्या आधी वजा होतो. तो किती घ्यायचा हे पहिल्याच दिवशी कागदावर ठरवलेलं बरं. आणि कॉफीच्या बिलावर गिऱ्हाइकाला देणगीची करसवलत मिळत नाही, कारण त्याने वस्तू विकत घेतलेली असते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी दोन्ही वचनं एकदम देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना धंदा जमतो आणि भाडं आवाक्यात आहे, त्यांनी नफा द्यावा. जे आधीपासून ऑटिझम, डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांबरोबर काम करत आहेत, त्यांनी रोजगाराचा मार्ग घ्यावा. पहिल्यांनी गेल्या वर्षीची रक्कम आणि ती घेणाऱ्या संस्थेचं नाव गल्ल्याशेजारी लावावं, रक्कम शून्य असली तरी.