गाठी जहाजातून आल्या, मग जिनमधल्या बाईचं काय?

कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ रोजी माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. विदर्भात चर्चा झाली ती भावाची, आणि ते साहजिकच. हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत, राबणाऱ्या बायांचं नाव त्या चर्चेत फारसं आलं नाही.

त्यांचा संबंध असा. शेतकऱ्याच्या गाडीतून येतो तो सरकीसकट कापूस. शंभर किलो कापूस जिनमधून काढला की साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. कापसातला पालापाचोळा आणि सुतळीचे तुकडे वेचायचे, मशीनकडे कापूस लोटायचा, ही कामं बहुधा बायांकडे. मग रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. परदेशी रुई मात्र गाठी बांधूनच जहाजात चढते, तिला इथल्या जिनची गरज नाही. ती स्वस्त पडली तर सूतगिरणीतल्या कामगाराची नोकरी उलट टिकते. इकडे भाव पडला म्हणून शेतकरी कापूस घरातच दाबून ठेवतो आणि जिनला माल मिळत नाही. निर्णय एकच, पण एकाची पाळी वाचते आणि दुसरीची हजेरी बुडते.

परदेशी व्यापारामुळे ज्याचं काम गेलं त्याला सरकारने सावरावं, ही कल्पना अमेरिकेने १९६२ साली कायद्यात आणली. अट इतकी कडक होती की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही! १९७४ मध्ये ती सैल केली. तीन कामगारांनी मिळून अर्ज करायचा. मग सरकारी तपास अधिकारी ठरवणार की काम गेलं ते व्यापारामुळे की दुसऱ्या कशामुळे. मंजुरी मिळाली तर प्रशिक्षण, त्या काळात भत्ता आणि कामासाठी दुसरीकडे बिऱ्हाड हलवायला मदत.

या मदतीने खरंच फरक पडतो का, हे मोजणं अवघड. मदत मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी नुसती तुलना करून भागत नाही, कारण दोन्ही गट मुळातच वेगळे असू शकतात. बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने यावर छान तोड काढली. तपास अधिकाऱ्यांत काही सढळ असतात, काही कडक, आणि अर्ज कोणाच्या टेबलावर जाईल हे कामगाराच्या हातात नसतं. म्हणजे सारख्याच अडचणीतल्या दोघांपैकी एकाला निव्वळ नशिबाने मदत मिळते, दुसऱ्याला नाही. संशोधकाला प्रयोग आयताच मिळाला. उत्तर असं आलं की प्रशिक्षण घेतलेल्यांनी दहा वर्षांत मिळून सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमावले. पण दरवर्षीची आघाडी हळूहळू घटत दहाव्या वर्षापर्यंत संपली. बदलत्या बाजारात शिकलेलं कसबही जुनं होत असावं.

मला मात्र त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. नुकसान तेच, पण मदत कोणाच्या टेबलावर अर्ज पडला यावर. ‘कारण सिद्ध करा’ म्हटलं की हे होणारच. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावची कापड मिल बंद पडली ती कशाने? यंत्रं, वीज, व्यवस्थापन, बाजार यांत परदेशी व्यापाराचा वाटा किती, हे कोण वेगळं काढून दाखवणार? अमेरिकेत १ जुलै २०२२ पासून या योजनेखाली नवी मंजुरी बंदच झाली.

काम गेलं तर माणूस दुसरीकडे जाईल, असं पुस्तकातलं अर्थशास्त्र म्हणतं. अर्थतज्ज्ञ पेतिया टोपालोवा यांनी १९९१ नंतरच्या भारतातले जिल्हे तपासले, तेव्हा चित्र वेगळं निघालं. आयातशुल्क घटल्याची झळ ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योगांना जास्त बसली, तिथे गरिबी इतरांपेक्षा सावकाश कमी झाली. लोक फारसे हललेच नाहीत. वर्धा-यवतमाळकडच्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. दोन एकर कोरडवाहू, म्हातारे सासू-सासरे आणि बचत गटाचं कर्ज सोडून कोण कुठे जाणार?

आपल्याकडे कारण न विचारणाऱ्या योजना होत्या. १९८६ च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीतून बंद पडलेल्या खासगी गिरणीच्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के रक्कम मिळायची. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, २०१८ पासून नोकरी गेलेल्यांना काही काळ भत्ता आहे. यातल्या कशालाही ‘परदेशी व्यापारामुळे’ असा दाखला लागत नाही.

पण जिनमधली बाई यात बसत नाही. छाटणीची भरपाई मिळायला वर्षात २४० दिवस भरावे लागतात, आणि जिनचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात आटोपतो. त्यातून हजेरी मुकादमाच्या वहीत. आणि ईएसआयच्या १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले. ‘हंगामी कारखाना’ या व्याख्येतल्या यादीत पहिलंच नाव कापूस जिनिंगचं आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ईएसआयपुरता हंगामी कारखाना बाहेरच ठेवला. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली, तेव्हा कापसाचा हंगाम सुरू होता आणि आयातशुल्काची माफीही.