एबीएलच्या तळाशी असलेली खाच

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग बीसीआर-एबीएल नावाच्या एकाच प्रथिनाच्या जोरावर चालतो. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, दोन वेगळी जनुकं एकमेकांना चिकटतात आणि हे जोडप्रथिन तयार होतं. एबीएल मुळात कायनेज प्रकारचं एन्झाइम. एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूवरचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर लावायचा, एवढंच त्याचं काम. निरोगी पेशीत ते बहुतेक वेळ बंद असतं. जोडप्रथिनात मात्र ते अखंड चालू राहतं आणि पेशी विभागत सुटते.

२००१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब थेट एटीपीच्या जागेवर जाऊन बसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसाच हा प्रकार. या औषधाने रोगाचं चित्रच पालटलं, यात वाद नाही. पण माणसाच्या शरीरात ५०० हून अधिक कायनेज आहेत आणि एटीपीची जागा सगळ्यांत बरीचशी सारखी, त्यामुळे रुमाल भलत्याच सीटवर पडण्याचा धोका राहतो. दुसरी अडचण त्याहून मोठी. एटीपीच्या खाचेत ३१५ क्रमांकावर थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असतं. उत्परिवर्तनाने तिथे आयसोल्युसिन आलं की इमॅटिनिबला बसता येत नाही. एटीपी मात्र खुशाल बसतो.

एन्झाइमला दुसरीकडून धरायची सोय एबीएलमध्ये आधीपासूनच होती. त्याच्या एका टोकाला मिरिस्टिक आम्लाची १४ कार्बनांची शेपटी असते (हे मेदाम्ल जायफळात भरपूर असतं, खोबरेल तेलातही). ही शेपटी वळून कायनेजच्याच तळाशी असलेल्या एका खोल, पाण्याशी फटकून असणाऱ्या खाचेत शिरते, हे २००३ मध्ये स्फटिकरचनांवरून दिसलं. एटीपीची जागा तिथून बरीच लांब. अशा लांबच्या, पण एन्झाइमच्या कामावर ताबा ठेवणाऱ्या जागेला अॅलोस्टेरिक जागा म्हणतात.

शेपटी आत गेली की खाचेलगतचं एक सर्पिल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा स्प्रिंगसारखा वळलेला भाग, मध्येच वाकतं. सरळ असताना ते एसएच-२ या शेजारच्या भागाची वाट अडवतं. वाकलं की एसएच-२ कायनेजला येऊन टेकतो, एसएच-३ही पाठीमागून चिकटतो आणि दोघं मिळून एन्झाइमला आवळून धरतात. फॉस्फेट हलवण्यासाठी लागणारी मोकळीकच उरत नाही. जोडप्रथिनात एबीएलचं हे टोक गळून जातं आणि त्या जागी बीसीआर येतं. शेपटी गेली, खाच मात्र शाबूत.

ॲसिमिनिब हे औषध याच रिकाम्या खाचेत बसतं. अमेरिकेत त्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली.

खाचेत नुसतं बसून भागत नाही, हे मला यातलं सर्वांत मजेदार वाटतं. डीपीएच नावाचा एक रेणू त्याच खाचेत शिरतो, पण त्याच्यामुळे सर्पिलाला वाकता येत नाही. परिणाम उलटा: एन्झाइम बंद पडण्याऐवजी चेकाळतं. म्हणजे रेणू निरोधक (एन्झाइम बंद पाडणारा) ठरतो तो जागा अडवल्यामुळे नव्हे, सर्पिल वाकवल्यामुळे.

ॲसिमिनिबची एटीपीशी स्पर्धाच नसल्याने पेशीत एटीपी कितीही असला तरी त्याला धक्का देऊन बाहेर काढू शकत नाही. ही खाच इतर कायनेजमध्ये अशी सहसा सापडत नाही, म्हणून नेमही चांगला लागतो. ३१५ वर बदल झालेल्या रुग्णांतही ते चालतं, मात्र मात्रा बरीच वाढवावी लागते: एरवी दिवसाला ८० मिलिग्रॅम, इथे २०० मिलिग्रॅम दोनदा. आणि अर्थात, या खाचेतही उत्परिवर्तनं होतात. ३३७ क्रमांकावरचं अॅलानिन बदललं तर ॲसिमिनिबची पकड सुटते.

पण दोन जागा वेगळ्या असल्यामुळे एकाच रेणूवर दोन औषधं एकदम बसू शकतात आणि दोन्हींना चुकवायचं तर कर्कपेशीला दोन्हीकडे बदल करावे लागतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात ॲसिमिनिब आणि एटीपीच्या जागी बसणारं निलोटिनिब एकत्र दिलं, तेव्हा गाठी नाहीशा झाल्या आणि औषध थांबवल्यावरही परतल्या नाहीत.